मायक्रोकंट्रोलर, सेन्सर आणि टचस्क्रीन : जोडणीच्या प्रश्नाचा आढावा

तापमान, आर्द्रता, दाब, वजन यांसारख्या भौतिक राशी मोजणारे सेन्सर एका बाजूला आणि मोजलेले आकडे दाखवून बोटाच्या स्पर्शाने सूचना घेणारा टचस्क्रीन दुसऱ्या बाजूला, या दोहोंना एकाच मायक्रोकंट्रोलरशी जोडण्याचे काम आज पदविकेच्या प्रकल्पापासून कारखान्यातील नियंत्रण पेटीपर्यंत सर्वत्र करावे लागते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी संबंध जोडणाऱ्या पिना एकाच चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक. कोणती तार कोणत्या पिनेला लावायची एवढाच हा प्रश्न आहे, असे प्रथमदर्शनी वाटते; परंतु सेन्सर, पडदा आणि स्पर्श या तिघांचे स्वभाव परस्परांहून इतके भिन्न आहेत की केवळ तारा बरोबर लागल्याने उपकरण बरोबर चालत नाही. सेन्सर मोजके काही बाइट देतो, पण ते देण्यास वेळ घेतो. पडद्याला लाखाच्या घरात बाइट हवे असतात आणि तेही डोळ्याला खंड जाणवणार नाही इतक्या वेगाने. स्पर्शाची माहिती अल्प असली तरी ती केव्हा येईल याचा नेम नसतो आणि तिला उत्तर मात्र तत्काळ द्यावे लागते. या तिन्हींचा भार कोणी आणि कोठे वाहायचा, याविषयीच्या मतभिन्नतेतूनच या क्षेत्रातील आजचे निरनिराळे मार्ग निघाले आहेत.

पार्श्वभूमी

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस१००० ही चिप १९७४ मध्ये आणि इंटेलची ८०५१ ही चिप १९८० मध्ये बाजारात आली. ८०५१ मध्ये ४ किलोबाइट रॉम, अवघी १२८ बाइट रॅम आणि माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ३२ पिना होत्या. तिच्यात व्होल्टेज मोजण्याची सोय नसल्यामुळे एलएम३५ सारखा तापमानाचा सेन्सर जोडायचा असल्यास व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारी स्वतंत्र चिप, म्हणजे एडीसी, मध्ये बसवावी लागे आणि ती एकटीच आठ-दहा पिना अडवून बसे. पडदा म्हणून हिताचीच्या एचडी४४७८० या नियंत्रक चिपवर चालणारा, सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी वापरला जाई. महाराष्ट्रातील पदविका आणि पदवीच्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांची या विषयाशी ओळख याच जोडीतून झाली.

पिना वाचवण्याच्या गरजेतून सामाईक तारांची, म्हणजे ‘बस’ची, कल्पना पुढे आली. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आय-टू-सी ही पद्धत आणली, जिच्यात दोनच तारांवर अनेक चिपा राहतात आणि प्रत्येकीला तिच्या पत्त्याने हाक मारली जाते. मोटोरोलाच्या एसपीआय पद्धतीत घड्याळाची एक, माहितीच्या जाण्यायेण्याच्या दोन आणि प्रत्येक चिपला निवडण्यासाठी एक स्वतंत्र अशा तारा लागतात; तारा वाढतात, पण वेग कितीतरी पट मिळतो. डॅलस सेमीकंडक्टरच्या वन-वायर पद्धतीत तर माहितीसाठी एकच तार पुरते.

स्पर्शाचा इतिहास याहून जुना आहे. इंग्लंडमधील मॉल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी हवाई वाहतूक नियंत्रण डोळ्यांपुढे ठेवून स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याचे वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे सत्तरच्या दशकात युरोपातील ‘सर्न’ या संशोधन केंद्राच्या नियंत्रण कक्षात आणि अमेरिकेत सॅम्युअल हर्स्ट यांच्या कामातून ही कल्पना वापरात उतरली. सामान्य माणसाची अपेक्षा मात्र २००७ च्या आयफोनने बदलली, आणि पाण्याच्या पंपाचे नियंत्रक यंत्रसुद्धा फोनसारखे प्रतिसाद देईल असे ग्राहक गृहीत धरू लागला. त्याच सुमारास स्वस्त चिपाही बदलत होत्या. इटलीतील इव्हरेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पाने मायक्रोकंट्रोलर नवशिक्यांच्या हाती दिला, २०१६ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी३२ या चिपने त्याला वाय-फाय आणि ५२० किलोबाइट रॅम दिली, आणि २०२१ मध्ये ४ डॉलर किमतीचा रास्पबेरी पाय पिको आला.

सेन्सरची बाजू

सेन्सर दोन प्रकारांनी बोलतात. ॲनालॉग सेन्सर मोजलेल्या राशीच्या प्रमाणात व्होल्टेज देतो, तर डिजिटल सेन्सर स्वतःच मोजमाप करून तयार आकडा पाठवतो. एलएम३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनोच्या मूळ उनो फलकाचा एडीसी १० बिटांचा, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग करणारा असल्यामुळे त्याची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची होते, आणि म्हणून या जोडीला अर्ध्या अंशाहून सूक्ष्म फरक दिसतच नाही. पडद्यावर दशांश चिन्हापुढे दोन अंक दाखवणारे अनेक प्रकल्प ही मर्यादा विसरतात. ईएसपी३२ चा एडीसी १२ बिटांचा असला तरी तो पुरेसा सरळरेषीय नाही, आणि वाय-फाय चालू असताना त्याच्या दुसऱ्या गटातील पिनांवर मोजमाप करता येत नाही. अचूकता हवी असेल तेथे एडीएस१११५ सारखी १६ बिटांची वेगळी चिप किंवा थेट डिजिटल सेन्सर वापरावा, यावर जाणकारांचे बहुतांशी एकमत आहे.

डिजिटल सेन्सरांनी अचूकतेचा प्रश्न सोपा केला, पण पत्त्यांचा प्रश्न निर्माण केला. आय-टू-सी पत्ता सात बिटांचा असतो आणि तो बहुधा चिप बनवतानाच ठरलेला असतो. डीएस३२३१ ही वेळ सांगणारी चिप आणि एमपीयू६०५० हा हालचालीचा सेन्सर हे दोन्ही षोडशमान पद्धतीतील ६८ याच पत्त्यावर राहतात. त्याहून बोलके उदाहरण प्रस्तुत विषयातलेच आहे: एएचटी२० हा आर्द्रतेचा लोकप्रिय सेन्सर आणि एफटी६३३६ ही अनेक टचस्क्रीनांवरील स्पर्शनियंत्रक चिप या दोहोंचा पत्ता ३८ असल्यामुळे एकाच बसवर जोडल्यास दोन्ही एकदम उत्तर देतात आणि मिळणारी माहिती निरर्थक ठरते. पत्ता बदलण्याची पिन असलेली चिप निवडणे, मायक्रोकंट्रोलरची दुसरी बस वापरणे किंवा टीसीए९५४८ए सारख्या आठ शाखांच्या चिपने बस विभागणे हे तीन उपाय रूढ आहेत.

अंतराचा प्रश्नही दुर्लक्षिला जातो. आय-टू-सी ही पद्धत एकाच उपकरणातील चिपांसाठी रचलेली असून तिच्या प्रचलित वेगांसाठी तारांची एकूण धारिता ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवण्याची अट आहे. पॉलीहाऊसच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सेन्सरपर्यंत तीच तार ओढल्यास कधी चालणारी आणि कधी बंद पडणारी जोडणी हाती येते. अशा ठिकाणी आरएस-४८५ ही दोन तारांतील व्होल्टेजच्या फरकावर चालणारी औद्योगिक पद्धत आणि तिच्यावरील, १९७९ पासून वापरात असलेला, मॉडबस हा संवादनियम आजही अधिक भरवशाचा आहे. त्याचप्रमाणे ५ व्होल्टची चिप आणि ३.३ व्होल्टचा सेन्सर थेट जोडणे हे सेन्सर निकामी होण्याचे एक नित्याचे कारण आहे. मध्ये व्होल्टेजची पातळी बदलणारे छोटे परिपथ वापरावे लागतात.

पडद्याची आणि स्पर्शाची बाजू

पडद्याविषयीची चर्चा साध्या गुणाकाराने सुरू होणे इष्ट आहे. आयएलआय९३४१ या नियंत्रक चिपचा, २.४ ते ३.२ इंच आकारात मिळणारा पडदा ३२० गुणिले २४०, म्हणजे ७६,८०० बिंदूंचा असतो. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी दोन बाइट धरल्यास एका चित्राला १,५३,६०० बाइट लागतात. उनोची रॅम २ किलोबाइट, म्हणजे या गरजेच्या पंचाहत्तराव्या हिश्शाएवढी आहे. उनोचा एसपीआय वेग जास्तीत जास्त ८ मेगाहर्ट्झ असल्यामुळे एक चित्र पाठवण्यास सुमारे १५४ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला सहा-सात चित्रांपलीकडे जाता येत नाही. ईएसपी३२ वर ४० मेगाहर्ट्झ वापरल्यास हाच काळ ३१ मिलिसेकंदांवर येतो. मात्र या नियंत्रकाच्या तांत्रिक पुस्तिकेत लिहिण्याचा वेग १० मेगाहर्ट्झपर्यंतच ग्राह्य धरलेला आहे. त्याच्या चौपट वेगाने बहुतेक पडदे चालतात हा अनुभव आहे, हमी नव्हे. हौशी प्रकल्पात हा फरक खपून जातो, परंतु विकण्यासाठी शेकडो नग बनवणाऱ्याने त्याचा विचार करणे आवश्यक ठरते.

यावर निघालेला मार्ग असा की संपूर्ण पडदा कधीच पुन्हा रंगवायचा नाही. एलव्हीजीएल या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीत, जिचे काम हंगेरीतील गाबोर किश-वामोशी यांनी २०१६ मध्ये सुरू केले, बदललेला भागच तेवढा तुकड्यातुकड्याने रंगवला जातो आणि त्यासाठी पडद्याच्या एकदशांश आकाराची स्मृती पुरते. वरील पडद्यासाठी ती सुमारे १५ किलोबाइट होते, म्हणजे ईएसपी३२ ला सहज आणि उनोला अशक्य. टचस्क्रीन हवा असताना मूळ उनो निवडू नये, हा निष्कर्ष या आकड्यांनंतर वादाचा राहत नाही.

स्पर्शाचे मुख्य प्रकार दोन. रोधक प्रकारात वीजवाहक थर असलेले दोन पापुद्रे दाबाने एकमेकांना टेकतात, आणि टेकलेल्या ठिकाणचे व्होल्टेज एक्सपीटी२०४६ सारखी चिप ० ते ४०९५ या आकड्यांत सांगते. हे आकडे पडद्याच्या बिंदूंशी जुळवून घ्यावे लागतात. तीन ठिकाणी स्पर्श करून सहा सहगुणक काढले की फिरलेला, तिरपा किंवा ताणलेला अक्ष दुरुस्त होतो. धारक प्रकारात काचेखालील जाळीच्या विद्युत धारितेत बोटामुळे होणारा बदल ओळखला जातो. तेथे अशी जुळवणी सहसा लागत नाही, दोन किंवा अधिक बोटे ओळखता येतात आणि हलका स्पर्श पुरतो. पण साध्या हातमोज्यांतून तो दाद देत नाही आणि पाण्याच्या थेंबांनी गोंधळतो, तर रोधक पडदा नख, लेखणी किंवा मातीने माखलेले बोटही स्वीकारतो, मात्र त्याचा वरचा प्लॅस्टिकचा थर वापराने झिजतो. दुधाच्या संकलन केंद्रात किंवा शेतावर रोधक आणि घरात किंवा कार्यालयात धारक, ही विभागणी ढोबळ असली तरी सयुक्तिक आहे.

चार मार्ग

पहिला मार्ग एकाच मायक्रोकंट्रोलरकडून सर्व कामे करून घेण्याचा. त्याचे समर्थक कमी खर्च, कमी वीज आणि प्रत्येक बाइटवरील ताबा या गोष्टींवर बोट ठेवतात. ईएसपी३२ आणि २.८ इंची रोधक पडदा एकाच फलकावर असलेला, पिवळ्या रंगाचा स्वस्त फलक जगभरच्या हौशी मंडळींत लोकप्रिय झाला तो यामुळेच. मात्र पडदा, स्पर्श आणि मेमरी कार्ड यांना पिना देऊन झाल्यावर त्याच्यावर सेन्सरसाठी मोजक्याच पिना उरतात. शिवाय पडदा आणि स्पर्शचिप एकाच एसपीआय बसवर ठेवल्यास पहिल्याला ४० आणि दुसरीला सुमारे २ मेगाहर्ट्झ असा वेग प्रत्येक व्यवहारागणिक बदलावा लागतो.

दुसऱ्या मार्गात पडद्याला स्वतःचा प्रक्रियक असतो. नेक्स्टियन किंवा डीविन यांसारख्या पडद्यांत चित्रे, बटणे आणि टंक आधीच साठवलेले असतात आणि मायक्रोकंट्रोलर यूएआरटी या दोन तारांच्या साध्या जोडणीतून केवळ बदललेला मजकूर पाठवतो. नेक्स्टियनमध्ये प्रत्येक आज्ञेच्या शेवटी २५५ या मूल्याचे तीन बाइट पाठवले की काम होते. येथे ८०५१ सुद्धा पुरते, ही या मार्गाची मोठी जमेची बाजू. किंमत मात्र वाढते आणि पडद्याची मांडणी त्या उत्पादकाच्याच सॉफ्टवेअरमध्ये करावी लागत असल्याने पुढे उत्पादक बदलणे अवघड जाते.

तिसरा मार्ग लिनक्सवर चालणाऱ्या रास्पबेरी पायसारख्या फलकाचा. पडद्यासाठी तो सर्वांत समृद्ध. पण त्याच्या पिनांवर ॲनालॉग मोजमापाची सोय नाही, सुरू होण्यास वेळ लागतो आणि वीज अचानक गेल्यास मेमरी कार्डावरील माहिती बिघडण्याचा धोका असतो. डीएचटी२२ या सेन्सरमध्ये ० आणि १ यांतील फरक सुमारे २७ आणि ७० मायक्रोसेकंदांच्या स्पंदांवरून ओळखायचा असतो. एकाच वेळी अनेक कामे सांभाळणाऱ्या लिनक्सला असा काटेकोर वेळ पाळणे कठीण जाते. म्हणून अनेक रचनाकार लिनक्स फलक पडद्यासाठी आणि छोटा मायक्रोकंट्रोलर सेन्सरांसाठी, अशी कामाची वाटणी करतात.

चौथा मार्ग उपकरणावर पडदाच न ठेवता वाय-फाय किंवा ब्लूटूथवरून माहिती फोनवर दाखवण्याचा. खर्चाच्या दृष्टीने त्याला तोड नाही. परंतु उपकरणासमोर उभ्या असलेल्या कामगाराकडे त्या क्षणी फोन, त्याची बॅटरी आणि योग्य ॲप हे सर्व असेलच असे गृहीत धरावे लागते, आणि फोनच्या प्रणाली बदलत गेल्या की ॲपही सतत बदलत ठेवावे लागते.

वेळेचे नियोजन

वरील चारपैकी कोणताही मार्ग घेतला तरी प्रोग्रामची रचना चुकल्यास उपकरण अडखळते, आणि प्रस्तुत आढाव्याच्या दृष्टीने सर्वाधिक दुर्लक्षित बाब हीच आहे. संगणकाचा प्रतिसाद एकदशांश सेकंदाच्या आत आल्यास तो माणसाला तत्काळ वाटतो, हे रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडले होते. डीएस१८बी२० हा वन-वायर तापमान सेन्सर १२ बिटांच्या मोजमापासाठी ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो. प्रोग्राम त्याच्या उत्तरासाठी थांबून राहिला तर तेवढ्या वेळात केलेला स्पर्श वाया जातो आणि वापरणारा बटण पुन्हा पुन्हा दाबू लागतो. मोजमापाची आज्ञा देऊन लगेच पुढच्या कामाला लागणे आणि वेळ भरल्यावर परत येऊन आकडा उचलणे हा त्यावरील उपाय. घाईने, पहिले मोजमाप पूर्ण होण्यापूर्वीच आकडा उचलल्यास हा सेन्सर ८५ अंश हे आपले आरंभीचे मूल्य देतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

हे नियोजन एका साध्या आवर्तनात, घड्याळ पाहून करावे की फ्रीआरटीओएससारख्या, कामांना प्राधान्यक्रम देणाऱ्या छोट्या प्रणालीवर सोपवावे, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की तीन-चार सेन्सरांसाठी प्रणाली आणल्यास स्मृती खर्च होते आणि दोन कामांनी एकाच बसवर एकदम हक्क सांगितल्याने उद्भवणारे, शोधण्यास कठीण असे दोष वाढतात. दुसऱ्या पक्षाच्या मते प्रकल्प वाढत जातो तेव्हा हाताने केलेले नियोजन कोलमडते आणि मग प्रणाली आणणे अधिक महाग पडते. ईएसपी३२ च्या अधिकृत विकास संचात फ्रीआरटीओएस अंतर्भूतच असल्यामुळे त्या चिपपुरता हा वाद बराच निवळला आहे. लहान चिपांवर तो कायम आहे.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न उष्णतेचा. पडद्यामागील दिवे आणि वाय-फायची चिप बंद पेटीत तापतात आणि शेजारच्या सेन्सरला खोलीऐवजी पेटीचे तापमान दिसते. हवेतील बाष्प तेवढेच राहून तापमान एका अंशाने वाढले तरी ५० टक्के आर्द्रता सुमारे ४७ टक्के दिसते. ठरावीक अंश वजा करण्याची युक्ती सर्रास वापरली जाते, पण पडद्याचा उजेड कमीजास्त होताच ती फसते. सेन्सर पेटीबाहेर काढणे हा खात्रीचा उपाय, पण बाहेर काढताच तारेची लांबी आणि पाण्यापासून संरक्षण हे प्रश्न परत येतात.

दुसरा प्रश्न सुट्या भागांच्या अस्सलपणाचा. डीएस१८बी२० च्या नकला बाजारात मोठ्या प्रमाणावर आहेत आणि पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, केवळ बाहेरून पाहून अस्सल नग ओळखता येत नाही. तिसरा प्रश्न पत्त्यांच्या टकरीचा. तिच्यावर उपाय म्हणून आलेली आय-थ्री-सी ही नवी पद्धत, जिच्यात पत्ते जोडणीनंतर वाटले जातात, अद्याप नेहमीच्या स्वस्त सेन्सरांपर्यंत पोहोचलेली नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न देवनागरीचा आहे. छोट्या पडद्यांच्या लायब्रऱ्या सामान्यतः एका अक्षरसंकेताला एक आकृती या तत्त्वावर चालतात. हवामान केंद्राच्या पडद्यावर लागणारे शब्द घेतले तर ‘तापमान’ या पद्धतीने ठीक उमटते, पण ‘आर्द्रता’मधील रफार आणि जोडाक्षर विस्कटते, ‘स्थिती’मधील पहिली वेलांटी, जी युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते आणि जोडाक्षराच्या आधी दिसली पाहिजे, चुकीच्या जागी पडते, आणि ‘वाऱ्याचा वेग’मधील ऱ्य हे खास मराठी रूप तर बहुधा मिळतच नाही. अक्षरांची जुळणी करणारी हार्फबझसारखी पूर्ण व्यवस्था लिनक्स फलकावर सहज चालते, छोट्या चिपवर ती जड पडते. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक जण प्रत्येक शब्दाचे चित्र आधीच बनवून साठवतात. १२० गुणिले ३२ बिंदूंचे एकरंगी चित्र ४८० बाइट घेते, म्हणजे शंभर शब्दांना सुमारे ४८ किलोबाइट लागतात. ४ मेगाबाइट साठवण असलेल्या ईएसपी३२ फलकावर ते नगण्य आहेत. ठरलेल्या मजकुरासाठी हा उपाय पुरेसा आहे, परंतु वापरणाऱ्याने टाइप केलेले गावाचे किंवा शेतकऱ्याचे नाव त्यातून दाखवता येत नाही. शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रा येत असल्यामुळे सोळा बिंदूंच्या उंचीत देवनागरी दाटीवाटीने बसते, ही अडचण त्यात भर घालते.

या शेवटच्या प्रश्नावर काम करण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्त परवान्याखालील ‘मुक्त’ हा टंक उपलब्ध आहे, साधने विनामूल्य आहेत आणि मोजमापाच्या उपकरणांवर लागणारी शब्दसंपदा दोन-तीनशे शब्दांपलीकडे जात नाही. पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी तोच तापमानदर्शक नव्याने जोडण्याऐवजी मराठी जोडाक्षरांची अशी एखादी छोटी, तपासलेली लायब्ररी तयार करून सर्वांसाठी खुली करावी, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांनी तिला पूर्ण प्रकल्पाचा दर्जा द्यावा.